प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतरच्या मूत्रगळतीवरील शस्त्रक्रिया

प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर खोकताना, शिंकताना किंवा खुर्चीतून उठताना नकळत लघवी गळू लागते, तो त्रास थांबवण्यासाठी या शस्त्रक्रिया करतात. पुरुषात लघवी दोन ठिकाणी अडवली जाते: मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटच्या खालच्या झडपस्नायूत. कर्करोगासाठी ग्रंथी समूळ काढली की पहिली अडवणूक जाते आणि सगळा भार दुसरीवर पडतो. तो स्नायूही दुखावला असेल, तर गळती सुरू होते.

बहुतेकांची गळती ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम केल्याने आणि वेळ गेल्याने कमी होते. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार सहसा ६ ते १२ महिन्यांनी होतो. मात्र लाजेपोटी वर्षानुवर्षे पॅड लावून दिवस काढण्याचे काही कारण नाही. आधी २४ तासांतले पॅड वजन करून गळती मोजतात आणि दुर्बिणीने मूत्रमार्ग पाहतात. मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांच्या जोडाजवळ मार्ग आकसला असेल, तर त्याचा इलाज अगोदर होतो.

मध्यम ते तीव्र गळतीसाठी सर्वांत भरवशाचा मानला जाणारा उपाय म्हणजे कृत्रिम झडप. अमेरिकी शल्यविशारद ब्रँटली स्कॉट यांनी ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टन येथे विकसित केली. तिचे तीन भाग असतात: मूत्रमार्गाभोवतीचे द्रवाने फुगणारे कडे (कफ), पोटात ठेवलेला फुगा आणि वृषणकोशातला छोटा पंप. एरवी कफ द्रवाने भरलेला असतो आणि मार्ग दाबून धरतो. लघवीला जायचे की कातडीवरूनच पंप चिमटीत धरून दाबायचा. द्रव फुग्यात जातो, कफ सैल पडतो, लघवी होते. दोन-तीन मिनिटांत कफ आपोआप पुन्हा भरतो. त्यामुळे बोटांत जोर नसलेल्या किंवा विसर पडणाऱ्या रुग्णाला ती बसवण्याआधी नीट विचार करावा लागतो. जखम भरेपर्यंत, साधारण ६ आठवडे, झडप निष्क्रिय, म्हणजे कफ रिकामा, ठेवतात. तोवर गळती चालूच राहते, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

गळती सौम्य ते मध्यम असेल आणि झडपस्नायूत थोडी ताकद उरली असेल, तर जाळीची पट्टी, म्हणजे स्लिंग, मूत्रमार्गाखाली बसवतात. तिला हात लावावा लागत नाही, म्हणून अनेकांना ती आवडते. किरणोपचार झालेल्यांत मात्र तिचा गुण कमी येतो. मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंना बसवायचे, पुढे कमी-जास्त भरता येणारे फुगेही आहेत. मूत्रमार्गाच्या भिंतीत तिला जाड करणारे द्रव्य टोचण्याचा परिणाम फार काळ टिकत नाही.

कृत्रिम झडपेचे मुख्य धोके म्हणजे जंतुसंसर्ग, कफने मूत्रमार्ग झिजणे आणि यंत्र बिघडणे. काही वर्षांनी अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. झडप बसवलेल्या माणसाने कोणत्याही उपचारावेळी ती असल्याचे सांगायलाच हवे. कफ रिकामा करून पंपावरच्या बटणाने झडप निष्क्रिय न करता कॅथेटर (लघवीची नळी) घातला, तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते.