धोंडू, पिएर आणि अठरा लुई

पिएर हे नाव मराठीत आणायचं तर सरळ धोंडू म्हणावं लागेल. फ्रेंचमध्ये 'पिएर' म्हणजे दगड. पायाला ठेच लागते तो, भिंत बांधायला लागतो तो, अगदी साधा दगड. माणसाच्या नावाचं आणि दगडाचं स्पेलिंगही एकच. आपल्याकडे मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवत. पिएरच्या मागे मात्र बायबलमधली एक कोटी आहे. सिमोन नावाच्या शिष्याला येशू म्हणतो की तू दगड आहेस आणि या दगडावर मी माझी मंडळी, म्हणजे चर्च, उभारीन. मूळ अरामी भाषेत ही कोटी 'केफा' या शब्दावर होती. इंग्रजीत 'पीटर' म्हटल्यावर तिचा जीवच जातो. फ्रेंचमध्ये ती जशीच्या तशी उतरते.

पण पिएर हा अपवाद. आपल्याकडे बारशाला नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "छान आहे हो, अर्थ काय?" हाच प्रश्न एखाद्या गियोमला किंवा तिएरीला विचारला तर बहुतेक वेळा तो खांदे उडवेल. त्याच्या नावाला अर्थ आहे, चांगला भरभक्कम आहे, पण तो त्याच्या भाषेत नाही.

याचं कारण इतिहासात आहे. आजच्या फ्रान्सच्या भूमीवर आधी केल्टिक भाषा बोलणारे गॉल लोक होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ज्युलियस सीझरने तो मुलुख जिंकला आणि हळूहळू लॅटिन रुजली. पाचव्या शतकात जर्मानिक भाषा बोलणारे फ्रँक आले आणि राज्यकर्ते झाले. पुढे गंमत अशी झाली की या नव्या राज्यकर्त्यांनी प्रजेची लॅटिन उचलली आणि प्रजेने राज्यकर्त्यांची नावं. त्यातूनच देशाला फ्रँकांचं नाव मिळालं, भाषा लॅटिनची लेक राहिली आणि पाळण्यातली नावं जर्मानिक झाली.

ही नावं दोन तुकडे जोडून केलेली असत. आपल्या रणजित किंवा विश्वजितसारखी. रोबेर म्हणजे कीर्ती आणि तेज. बेर्नारमध्ये अस्वल आणि कणखरपणा. तिएरीमध्ये लोक आणि राजा. बापाच्या नावातला एक तुकडा आणि आईच्या नावातला एक घेऊन मुलाचं नाव जुळवण्याचीही पद्धत होती, म्हणजे अर्थाकडे काणाडोळा तेव्हापासूनच सुरू झाला होता म्हणायचं.

यातलं एक नाव जवळून पाहण्यासारखं आहे. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याने ४८१ ते ५११ या काळात राज्य केलं. त्याचं नाव त्याच्या भाषेत साधारण 'ख्लोडोविग' असं होतं. पहिला तुकडा 'प्रसिद्ध', दुसरा 'लढाई'. हा पहिला तुकडा आपला दूरचा नातलग आहे: संस्कृतातला 'श्रुत' आणि हा 'ख्लोड' एकाच आदिम धातूतून आले. विश्रुत योद्धा, असं भाषांतर केलं तर ते नुसतं अर्थाने नाही, रक्तानेही जुळतं.

पुढची दोन-तीनशे वर्षं हे नाव तोंडातोंडी झिजत गेलं. सुरुवातीचा घशातला ख मऊ होऊन ह झाला, मग गळून पडला. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ड विरघळला. ही झीज आपल्याला नवी नाही. महाराष्ट्री प्राकृतात स्वरांमध्ये अडकलेली व्यंजनं अशीच गेली आणि 'नगर'चं 'नयर' होत 'नेर' झालं. संगमनेर, अंमळनेर आणि पिंपळनेर या झिजेची साक्ष देत उभी आहेत. ख्लोडोविगचं अशाच रीतीने झालं लुई. शेवटचा एस लिहितात, पण तोही आता उच्चारत नाहीत.

म्हणजे क्लोव्हिस आणि लुई ही दोन नावं नाहीतच. एकाच नावाचे दोन मुक्काम आहेत. फ्रँकांचा पुढचा मोठा राजा शार्लमेन. त्याच्या घराण्याने क्लोव्हिसच्या वंशजांना बाजूला सारून गादी घेतली होती. ७७८ मध्ये त्याला जुळे मुलगे झाले, तेव्हा त्याने त्यांना जुन्या घराण्यातली नावं दिली: एक लुई, दुसरा लोथेर. गादी बळकावलेल्याने जुन्या राजांची नावं घरात आणली की नातवंडांपर्यंत सगळं वडिलोपार्जित वाटू लागतं. मोठी धूर्त चाल. लोथेर तान्हेपणीच गेला. लुई सम्राट झाला आणि फ्रान्सच्या लुई राजांची मोजदाद त्याच्यापासून सुरू झाली, ती अठरापर्यंत पोचली.

दुसरीकडे चर्चने आणलेली नावं ग्रीक, लॅटिन आणि हिब्रू. ज्याँ, झाक, मारी. त्यातलं एतियेन मला फार आवडतं. मूळ ग्रीक स्तेफानोस, म्हणजे मुकुट. लॅटिनच्या काही लेकींना शब्दारंभी 'स'ला जोडलेलं व्यंजन जड जाई, म्हणून पुढे 'ए' लावला. गावाकडे आपण 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणतो ना, तेच. स्तेफानोसचं एस्तिएन झालं, मग 'स' गळला आणि राहिलं एतियेन. फ्रेंच शाळा 'एकोल' झाली तीही 'स्कोला'पासून, याच वाटेने. पोर्तुगीजांनी 'ए' लावून 'स' ठेवला. म्हणून मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तकथा रचणारे इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स गोव्यात 'एस्तेवाँव' म्हणून ओळखले गेले.

फ्रांस्वाची कथा तर उलटी-सुलटी. शब्दाचा अर्थ 'फ्रेंच माणूस'. पण हे नाव फ्रान्सभर गेलं ते इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. त्याचं बाप्तिस्म्याचं नाव जोव्हानी. कापडाचा व्यापारी असलेला बाप फ्रान्सहून परतल्यावर त्याला फ्रांचेस्को म्हणू लागला, असं सांगतात. फ्रेंच भाषेसाठीचा शब्द पुढे बदलून 'फ्रांसे' झाला, नावात मात्र जुना 'फ्रांस्वा' गोठून राहिला.

कधी नावच शब्द होऊन बसतं. मध्ययुगात फ्रेंचमध्ये कोल्ह्याला 'गुपी' म्हणत. बाराव्या-तेराव्या शतकात एका लबाड कोल्ह्याच्या गोष्टी इतक्या गाजल्या, की त्या पात्राचं 'रनार' हे नाव कोल्ह्यालाच चिकटलं. रनार हे खरं तर सभ्य जर्मानिक पुरुषनाम, सल्ला आणि कणखरपणा या तुकड्यांचं. आज फ्रेंच मुलांना कोल्हा म्हणजे रनार. गुपी शब्दकोशात शोधावा लागतो.

नाव काय ठेवायचं हे मात्र दीर्घकाळ आईबापांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. राज्यक्रांतीने १७९२ मध्ये जन्मनोंदणी चर्चकडून काढून सरकारकडे दिली आणि उत्साही मंडळींनी मुलांना ब्रूटस, लिबर्ते (स्वातंत्र्य) अशी नावं ठेवली. राजाचा चुलतभाऊ असलेल्या ऑर्लेआँच्या ड्यूकने स्वतःला फिलिप 'एगालिते', म्हणजे समता, म्हणवून घेतलं. समतेने त्याला गिलोटीनपासून वाचवलं नाही. या धुमाकुळानंतर १ एप्रिल १८०३ चा कायदा आला: वेगवेगळ्या कॅलेंडरांत असलेली नावं आणि प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींची नावं, एवढीच चालतील. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतात, तसे तिकडे प्रत्येक तारखेखाली संताचं नाव असतं. वर्षाअखेरीस पोस्टमन दारोदार कॅलेंडर घेऊन येतो, लोक त्याला बक्षिशी देतात, आणि त्या नावाच्या दिवशी त्या नावाच्या माणसाला शुभेच्छा देतात. नोंदणी कारकुनाचा आधार तेव्हा हाच असे.

याचा सगळ्यात मोठा फटका फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताला बसला. तिथल्या ब्रेटन या केल्टिक भाषेतली नावं कुठल्याच यादीत नसत. १९६६ मध्ये प्रादेशिक नावांना वाट मिळाली आणि १९९३ मध्ये निवड पालकांवर सोपवली गेली. आता नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तरच प्रकरण न्यायाधीशाकडे जातं. 'न्युटेला' (पावाला लावायच्या चॉकलेटचा ब्रँड) हे नाव असंच नाकारलं गेलं, ते ठीकच झालं. पण २०१७ मध्ये ब्रिटनीतल्या कँपेर शहरात फ्रांस्वाच्याच 'फाँश' या ब्रेटन रूपाला हरकत घेतली गेली, ती एन या अक्षरावरच्या नागमोडी चिन्हामुळे. ते फ्रेंच चिन्ह नाही म्हणे. एका नागमोडी रेघेवरून कोर्टकचेरी!

यादी गेल्यावर काय उरतं? फॅशन. समाजशास्त्रज्ञ फिलिप बेनार यांना नावांच्या अभ्यासात रस होता तो यासाठीच: नाव फुकट मिळतं आणि प्रत्येकाला निवडावंच लागतं, त्यामुळे तिथे पैशाचा अडसर नसलेली निव्वळ आवड दिसते. फ्रान्सची सांख्यिकी संस्था 'इन्से' १९०० पासूनची नावांची आकडेवारी देते. त्यात केव्हिन हे आयरिश नाव १९८९ ते १९९४ पहिल्या क्रमांकावर आहे, म्हणजे कायदा सैल होण्याआधीच तिथे पोचलेलं. एकट्या १९९१ मध्ये तेरा हजारांहून जास्त केव्हिन जन्मले. नावं वरच्या वर्गातून खाली झिरपतात हा बेनार यांचा नेहमीचा अनुभव. केव्हिन मात्र अमेरिकी पडद्यावरून थेट कामगार वस्त्यांत उतरला आणि चेष्टेचा विषय झाला. २०२२ मध्ये संसदेत दोन केव्हिन निवडून आले, तर वर्तमानपत्रांनी त्याचीही बातमी केली.

दरम्यान लुई परत आलाय. मुलांच्या पहिल्या दहा नावांत तो गेली काही वर्षं आहे, लुईझ तर मुलींत अगदी वरच्या जागी. आईवडिलांच्या पिढीचं नाव शिळं वाटतं, आजीआजोबांचं म्हातारं. पणजोबांचं नाव धारण करणारं मात्र घरात कुणी उरलेलं नसतं, म्हणून ते कोरं वाटतं. या हिशेबाने दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास गाजलेल्या मोनीक आणि झेरार यांना अजून थोडं थांबावं लागणार आहे.