कोकराला ऊन लागते की रायमुनिया?

कोकराचे कान सुजून लोंबायला लागले, नाकाडोळ्याभोवतीची कातडी तडकली अन् ते झाडाखालून हलायलाच तयार नसलं की आपल्या इकडे एकच निदान, ऊन लागलं. मग हळद-तेल चोपडायचं अन् मोकळं व्हायचं. ऊन आहेच त्याच्यात, पण बिघाड आधी लिव्हरचा असते अन् बरेचदा त्याच्यामागे असते रायमुनिया, म्हणजे घाणेरी, टणटणी.

हे झुडूप मुळात आपलं नाहीच. अमेरिका खंडातलं, इंग्रजांनी 1809 च्या आसपास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी लावलं. फुलं रंगीबेरंगी, कुंपणालाही बरं. पुढे पाखरांनी फळं खाल्ली, बिया जिकडेतिकडे टाकल्या, अन् विदर्भात तर झुडपी जंगल अन् ई-क्लासच्या, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या, जमिनी आयत्याच मिळाल्या. जित्राब सहसा तिला तोंड लावत नाही, म्हणून गवत चरून संपते अन् रायमुनिया वाढतच राहते. उन्हाळ्यात बाकी काही हिरवं उरलं नाही की मग मात्र उपाशी कोकरू तिच्यात तोंड घालते, अन् बाहेरून आलेल्या कळपाला तर तिची ओळखच नसते.

उन्हाचं कोडं सुटलं ते पार दक्षिण आफ्रिकेत. तिथे मेंढ्यांची तोंडं पिवळी पडून सुजायची, अन् दोषी निघालं गोखरू, हो, आपल्या बांधावर पायात रुततो तोच सराटा. 1930 च्या दशकात ओंडरस्टेपोर्टच्या पशुवैद्यकीय संशोधन केंद्रात क्विन अन् रिमिंग्टन यांनी दाखवलं की चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होते, एरवी लिव्हर तो पित्तातून बाहेर टाकते, पण लिव्हर बिघडलं की तो रक्तातून कातडीत येते अन् वरून ऊन पडलं की कातडी आतून जळते. म्हणून फटका बसते पांढऱ्या अन् कमी लोकर असलेल्या जागी, कान, नाक, पापण्या. काळ्या कातडीचं मेंढरू त्यामानाने बचावते, पण कावीळ त्यालाही होतेच, हे लक्षात घ्या.

रायमुनियाही असंच लिव्हर बिघडवते, तिच्या पानातलं विष म्हणजे लँटाडीन. भारतात यावर पालमपूरच्या पशुवैद्यकीय संशोधन केंद्रात पुष्कळ काम झालं. याची वाईट गोष्ट अशी की पोटाची हालचालच थंडावते, म्हणजे खाल्लेला पाला आत पडून राहते अन् विष झिरपतच राहते, चारा बदलला तरी. ऑस्ट्रेलियात म्हणून ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे विष शोषून घेणारा खास कोळसा, पाजायची पद्धत निघाली. आपल्याकडे डॉक्टरला बोलवेपर्यंत डोळे पिवळे झालेले असतात, तोवर कोकराला निदान सावलीत बांधून ठेवा, अन् तेल चोपडत बसू नका.

व्याघ्र प्रकल्पात हरणांना गवत मिळावं म्हणून हीच रायमुनिया मुळासकट उपटतात, गावच्या ई-क्लासवर मात्र ती कोणाच्याच कामात मोडत नाही.