गप्प झालेल्या यंत्राचं निदान: वितरित प्रणालींतल्या बिघाडशोधाची पार्श्वभूमी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, की कोल्हापुरातल्या बऱ्याच कार्यालयांत मॉनिटरिंगच्या पडद्यावरचे हिरवे ठिपके लाल व्हायला लागतात. गावोगावच्या दूध संस्थांचे संगणक, एमआयडीसीतल्या फौंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवणारी यंत्रं, पतसंस्थांच्या शाखा. पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकतं तसे लाल ठिपके वाढतात. पडद्यासमोर बसलेल्याला एवढंच कळायला हवं असतं: तिकडचं यंत्र बंद पडलंय, की ते चालू आहे आणि त्याचा निरोप पोचत नाहीय? फोन लागला तर संस्थेचे सचिव सांगतात, "मशीन चालू हाय, नेट चालंना झालंय." पुरात तो फोनही लागेलच असं नसतं.

हे काम रोज करणाऱ्या माणसाला वाटतं, की चांगलं सॉफ्टवेअर घेतलं, लाइन सुधारली, की हा संशय मिटेल. वेगवेगळ्या ठिकाणची यंत्रं निरोपांनी जोडलेली असतात अशा, म्हणजे वितरित, प्रणालींत तो पूर्ण मिटत नाही, आणि का मिटत नाही हे संगणकशास्त्रानं सिद्ध करून ठेवलंय. तो इतिहास मराठीत फारसा सांगितला जात नाही, म्हणून ही नोंद.

सुरुवात १९६७ पासून करावी लागते. फ्रँको प्रेपराटा, गर्नॉट मेट्झ आणि रॉबर्ट चिएन या तिघांनी त्या वर्षी एक साधी मांडणी केली. अनेक यंत्रं आहेत, ती एकमेकांची चाचणी घेतात आणि "हे ठीक, हे बिघडलेलं" असा निकाल देतात. शाबूत यंत्राचा निकाल खरा असतो. बिघडलेलं यंत्र काहीही सांगू शकतं, चांगल्याला वाईट आणि वाईटाला चांगलं. अशा साक्षींवरून बिघडलेली यंत्रं नेमकी कशी ओळखायची?

त्यांचं उत्तर आजही पाठ असावं असं आहे: जास्तीत जास्त 'टी' यंत्रं बिघडू शकत असतील, तर एकूण यंत्रं किमान दोन टी अधिक एक हवीत, आणि प्रत्येकाची चाचणी किमान टी इतरांनी घेतलेली हवी. यामागचं कारण चार यंत्रांवर लगेच दिसतं. चारपैकी दोन बिघडलेली आहेत असं धरा. पहिलं आणि दुसरं एकमेकांना ठीक म्हणतात, तिसऱ्या-चौथ्याला बिघडलेलं म्हणतात. तिसरं आणि चौथंही नेमकं हेच उलट सांगतात. भावकीच्या वादात दोन्हीकडचे साक्षीदार सारख्याच संख्येनं उभे राहावेत तशी ही अवस्था, कागदावरून निवाडा करताच येत नाही. पाचवं यंत्र आलं की तोल एका बाजूला झुकतो. निदान म्हणजे कुणीतरी दिलेली साक्ष असते आणि साक्षीदारही बिघडलेला असू शकतो, हा विचार इथून या शास्त्रात पक्का रुजला. पुढच्या बहुतेक कामाचं मूळ मला यातच दिसतं.

त्या मांडणीत एक गोष्ट गृहीत होती. चाचणीचं उत्तर ठराविक वेळेत येणार, आणि सगळे निकाल एका ठिकाणी जमा करून वाचणारा कुणीतरी तटस्थ निरीक्षक असणार. एका खोलीतल्या यंत्रांसाठी ते चालून जातं. यंत्रं गावोगाव पसरली आणि त्यांच्यामध्ये असिंक्रोनस जाळं आलं, की दोन्ही आधार निसटतात. असिंक्रोनस म्हणजे निरोप पोचायला किती वेळ लागेल याला वरची मर्यादा नाही, यंत्रं किती वेगानं चालतील याची हमी नाही, आणि सगळ्यांचं मिळून एक घड्याळ नाही.

घड्याळाचा भाग आमच्याकडच्या उदाहरणानं सांगतो, कारण तो पुस्तकात वाचून पटत नाही. एका खेड्यातल्या केंद्रावर लाइट जाते, यूपीएस उतरतो, आणि संगणकाच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी आधीच संपलेली असते. लाइट आल्यावर संगणक सुरू होतो तो कित्येक वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीच्या तारखेनं. नेट जोडलं जाऊन घड्याळ दुरुस्त होईपर्यंत सकाळच्या दुधाच्या नोंदी त्याच जुन्या तारखेनं पडत राहतात. मुख्य कार्यालयात सगळे लॉग वेळेनुसार लावले, की परिणाम आधी आणि कारण नंतर दिसतं. कुठल्या बिघाडामुळे कुठला बिघाड झाला, याचा माग तिथेच तुटतो.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये या प्रश्नाला हात घातला. घटनांचा क्रम घड्याळावरून ठरवू नका, निरोपांवरून ठरवा, असं त्यांचं म्हणणं. एकाच यंत्रावरच्या घटनांना आधी-नंतर असतं, आणि निरोप पाठवणं हे तो मिळण्याच्या आधीच घडतं. या दोन धाग्यांनी ज्या घटना जोडता येत नाहीत त्यांना आधी-नंतर नाहीच, त्या समांतर आहेत. पुढे १९८८ च्या सुमारास कॉलिन फिज आणि फ्रीडेमान माटर्न यांनी स्वतंत्रपणे व्हेक्टर घड्याळं मांडली. प्रत्येक निरोपाबरोबर प्रत्येक यंत्रासाठी एकेक आकडा पाठवायचा, म्हणजे कोणती घटना कोणत्या घटनेचं कारण असू शकते आणि कोणती असूच शकत नाही, हे नेमकं सांगता येतं. बिघाडाचं मूळ शोधणाऱ्याला यातला 'असूच शकत नाही' हा भाग फार उपयोगी, कारण संशयितांची यादी त्यानंच कमी होते.

लॅम्पोर्ट यांच्या त्या मांडणीनंतर दोनच वर्षांनी प्रत्यक्षात एक मोठा बिघाड झाला होता. या विषयात मला सर्वांत शिकवून जाणारी घटना तीच वाटते. २७ ऑक्टोबर १९८० ला इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट काही तास जवळपास ठप्प झालं. एरिक रोझेन यांनी पुढच्या वर्षी त्याचा तपशीलवार अहवाल लिहिला. त्या जाळ्यातला प्रत्येक नोड, म्हणजे निरोप पुढे पोचवणारा संगणक, आपल्या लाइनींची खबर देणारे निरोप सगळ्यांना पाठवत असे. नवा निरोप कोणता आणि जुना कोणता हे कळावं म्हणून त्यावर ० ते ६३ पर्यंतचा क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०, म्हणून तुलना गोलाकार होती: ३२ पर्यंत पुढे असलेला तो नवा. एका नोडच्या बिघडलेल्या हार्डवेअरमुळे शेजारच्या नोडच्या निरोपांतले बिट गळाले, म्हणजे १ च्या जागी ० झाला, आणि एकाच नोडच्या नावानं ८, ४० आणि ४४ अशा क्रमांकांचे तीन निरोप जाळ्यात एकदम फिरायला लागले. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक बिट गळला की ४०, आणखी एक गळला की ८. आता गोलाकार तुलनेनं ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा, आणि ४४ पेक्षा पुन्हा ८ नवा. प्रत्येक नोडला प्रत्येक वेळी आलेला निरोप नवाच वाटे, तो साठवून घेई आणि पुढे पाठवी. या निरोपांना सर्वांत वरचं प्राधान्य असल्यामुळे बाकीच्या कामाला जागाच उरली नाही.

लाइनीवरून जाताना निरोप बिघडला तर तो पकडायची तपासणी होती. नोडच्या मेमरीत पडून असताना बिघडला, तर नव्हती. प्रत्येक नोड नियमाप्रमाणे बरोबर वागत होता, आणि जाळं पाडलं ते देखरेखीसाठीच्या निरोपांनी. त्या एका नोडच्या नावानं येणारे निरोप दुर्लक्षित करा, अशी दुरुस्ती सगळ्या नोडवर घालावी लागली तेव्हा जाळं सावरलं. बिघडलेला नोड बंद करून भागलं नसतं, कारण निरोप आता इतरांकडेच फिरत होते. मॉनिटरिंगचा स्वतःचा भार किती आणि ते स्वतः बिघडलं तर काय, हे प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाहीत.

१९८५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचं. मणी चंडी आणि लॅम्पोर्ट यांनी चालू प्रणाली न थांबवता तिच्या अवस्थेचं सुसंगत छायाचित्र कसं घ्यायचं हे दाखवलं. एक खूण-निरोप प्रत्येक मार्गावरून फिरवायचा, आणि खुणेच्या आधीचं व नंतरचं वेगळं ठेवायचं. सगळ्या शाखांची शिल्लक एकाच क्षणी मोजता येत नाही, पण वाटेवरचा पैसा दोनदा मोजला जाणार नाही की सुटणार नाही अशी मोजणी करता येते. बँकिंग सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

दुसरा निष्कर्ष कठोर होता. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी सिद्ध केलं, की पूर्णपणे असिंक्रोनस प्रणालीत एक जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर बाकीची यंत्रं नक्की एकमतावर येतीलच अशी ठराविक चालीची कुठलीही पद्धत असू शकत नाही. मुळाशी तीच आमची पुरातली अडचण आहे: थांबलेलं यंत्र आणि हळू चाललेलं यंत्र बाहेरून सारखंच दिसतं. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत, ३० सेकंदांचा ठेवा की ५ मिनिटांचा, ३१ व्या सेकंदाला किंवा सहाव्या मिनिटाला निरोप येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. हे वाचून कुणी निराश होईल. मला मात्र या सिद्धतेनं आधार दिला. रात्रभर टाइमआउटचा 'बरोबर' आकडा शोधत बसणाऱ्याला तो आकडा अस्तित्वातच नाही हे कळणं ही मोठी सुटका आहे.

मार्ग काढला तो तुषार चंद्रा आणि सॅम टूएग यांनी. १९९६ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या त्यांच्या मांडणीत बिघाड ओळखणारा घटक चुकणारच हे आधी मान्य केलंय. तो 'मेलं' असा निकाल देत नाही, 'संशय आहे' एवढंच म्हणतो, आणि संशय मागेही घेऊ शकतो. त्याच्याकडून दोन गोष्टी हव्यात: खरोखर बंद पडलेल्या यंत्राचा संशय कधी ना कधी येऊन कायम राहावा, आणि निदान एका तरी शाबूत यंत्राबद्दलचा चुकीचा संशय कधीतरी कायमचा थांबावा. बहुसंख्य यंत्रं शाबूत असतील तर एकमतासाठी एवढं पुरतं. व्हासोस हाडझिलाकोस यांच्याबरोबर त्यांनी पुढे हेही दाखवलं, की यापेक्षा दुबळ्या माहितीवर काम भागत नाही. अशक्य आणि शक्य यांच्यामधली सीमा इतकी नेमकी आखलेली फार थोड्या विषयांत सापडते.

यंत्रांनी आपसांतच निदान करावं, मधला निरीक्षक नको, ही वाटही तोवर तयार झाली होती. जॉन कुल आणि सुधाकर रेड्डी यांनी १९८० च्या आसपास तिची सुरुवात केली. रोनाल्ड बियांचिनी आणि रिचर्ड बस्केन्स यांनी १९९० नंतर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या २०० हून अधिक वर्कस्टेशनांवर अशी पद्धत प्रत्यक्ष चालवून दाखवली.

दुसरी एक परंपरा नियंत्रणशास्त्रातून आली. मीरा संपत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये विचारलं, की बाहेर दिसणाऱ्या घटनांवरून आतला न दिसणारा बिघाड मर्यादित पावलांत ओळखता येईल का, आणि ते आधीच तपासता येईल का. ही मांडणी घटना एका रांगेत येतात असं धरून होती. टेलिफोन जाळ्यात तसं होत नाही. एक केबल तुटली की शेकडो अलार्म वेगवेगळ्या वाटांनी, उलटसुलट क्रमानं येतात. फ्रान्समध्ये रेन येथे अल्बेर बेनव्हेनिस्त, एरिक फाब्र, स्टेफान हार आणि क्लोद झार यांनी २००३ मध्ये यासाठी पेट्री जाळ्यांचा, म्हणजे समांतर घटना दाखवणाऱ्या आकृत्यांचा, आधार घेतला. कार्ल अॅडम पेट्री यांचा मूळ प्रबंध १९६२ चा, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षीचा. अलार्मची एक सरळ यादी मानायची नाही, प्रणाली कोणकोणत्या अर्धवट क्रमांनी चालली असू शकेल ते जाळं उलगडून पाहायचं, आणि आलेल्या अलार्मशी जुळणारी स्पष्टीकरणं तेवढी ठेवायची, ही त्यांची रीत. समांतर घटनांचे सगळे क्रम मोजत बसण्याचा प्रचंड खर्च त्यात वाचतो.

रोजच्या वापरातली साधनं याच प्रवाहातून आली. यंत्र उत्तर देतं का हे पाहणारं माइक म्यूस यांचं पिंग १९८३ चं, यंत्रांची स्थिती जाळ्यावरून विचारण्याचा एसएनएमपी हा नियमसंच १९८८ चा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९८ साली गॉसिप, म्हणजे कानोकानी खबर पसरवण्याच्या, पद्धतीनं बिघाड ओळखणं आलं, २००२ साली स्विम ही पद्धत. स्विममध्ये थेट उत्तर आलं नाही की यंत्र दुसऱ्या काहींना सांगतं, "तुम्ही विचारून बघा." २००४ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी मांडलेला फाय-अॅक्रुअल शोधक हो-नाही न सांगता संशयाचा आकडा देतो, आणि कॅसँड्रा डेटाबेसनं तो उचलला. गूगलनं २०१० मध्ये डॅपर या आपल्या माग काढणाऱ्या प्रणालीबद्दल लिहिलं आणि एका विनंतीचा अनेक सर्व्हरमधला प्रवास जोडून पाहण्याची पद्धत सर्वदूर गेली. २०१९ पासूनचं ओपनटेलिमेट्री हे खुलं साधनही त्याच वाटेवरचं.

या सगळ्याचा इथल्या पडद्यावर व्हावा असा परिणाम अगदी छोटा आहे. लाल ठिपक्याजागी 'शेवटचा निरोप ६:४२ ला, संशयित' असं लिहावं. ब्रॉडबँडवरून उत्तर नसेल तर मोबाइल सिमवरून, तेही नसेल तर शेजारच्या गावातल्या केंद्राकडून विचारणा व्हावी. केंद्रावरच्या नोंदींना घड्याळाबरोबर चढता क्रमांकही द्यावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा तंत्रज्ञाला केंद्रावर पाठवून पाहण्याची सोयही उरली नव्हती.

सध्या संशोधकांचं लक्ष ज्यावर आहे तो प्रकार यापेक्षा अवघड आहे. मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याला 'करडा बिघाड' या अर्थाचं नाव दिलं: मॉनिटरिंगला सगळं ठीक दिसतं आणि वापरणाऱ्याला ठीक नसतं. दूध केंद्रावर हे असं होतं. संगणक चालू असतो, पिंगला लगेच उत्तर देतो, ठिपका हिरवा असतो. फॅट मोजणाऱ्या यंत्राची सिरियल केबल मात्र सैल झालेली असते, आणि रांगेतल्या शेतकऱ्याच्या पावतीवर फॅटच्या रकान्यात काहीच छापून येत नाही. हा बिघाड मुख्य कार्यालयाच्या आधी त्या शेतकऱ्याला कळतो. त्यामुळे आता यंत्र जिवंत आहे का एवढं विचारून थांबता येत नाही. गेल्या दहा मिनिटांत किती पावत्या निघाल्या आणि त्यातल्या कितींवर फॅटचा आकडा होता, हेही केंद्राकडून मागवावं लागतं.