युरोपात पोलाद-ॲल्युमिनियम पाठवताय? सीबॅमचा अर्ज कोणी, कधी आणि कोणत्या कागदांवर करायचा

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाच्या कस्टम्समध्ये लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत आणि हायड्रोजन सोडवताना आयातदाराला सीबॅमचा हिशेब द्यावा लागतो. सीबॅम म्हणजे कार्बन बॉर्डर ॲडजस्टमेंट मेकॅनिझम, म्हणजे माल बनवताना बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर सीमेवर लावलेली किंमत. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात फक्त तिमाही अहवाल भरायचे होते, पैसे नव्हते. आता पैसे आहेत. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२५/२०८३ या दुरुस्ती नियमाने अर्जाची पात्रता, तारखा आणि सवलती बऱ्याच बदलल्या आहेत. त्याआधीची माहितीपत्रकं अजून फिरत आहेत. त्यांवर विसंबू नका.

हा अर्ज, म्हणजे असा माल आणण्याच्या परवानगीचा अर्ज, युरोपातल्या आयातदाराने करायचा असतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीने, पुण्याच्या फोर्जिंगवाल्याने किंवा जालन्याच्या रोलिंग मिलने नव्हे. पण अर्ज मंजूर झाल्यावर आयातदार जे प्रमाणपत्रांचं (एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन उत्सर्जनाची किंमत) बिल भरणार, त्यातला सगळ्यात मोठा आकडा इथल्या भट्टीतून येतो. म्हणून दोन्ही बाजूंची कामं खाली दिली आहेत.

आधी एचएस कोड तपासा

तुमचा माल सीबॅमच्या यादीत आहे की नाही हे फक्त कस्टम्सच्या कोडवरून (एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ठरतं, "हे लोखंडच आहे ना" या तर्काने नाही. नट, बोल्ट, स्क्रू, वॉशर (७३१८) यादीत आहेत. पाइप फिटिंग (७३०७) आहेत, मग ते ओतीव असले तरी. "लोखंडाच्या इतर वस्तू" हा ७३२६ही यादीत आहे. पण "इतर ओतीव वस्तू" हा ७३२५ यादीत नाही. मॅनहोलची झाकणं यातच येतात. ॲल्युमिनियममध्ये ७६१० आणि ७६१६ आहेत, पण घरगुती भांड्यांचा ७६१५ नाही. पंपाचे सुटे भाग (प्रकरण ८४) आणि गाड्यांचे सुटे भाग (८७०८) आज बाहेर आहेत. भंगारही बाहेर आहे.

हे चित्र कायमचं नाही. १७ डिसेंबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने पोलाद आणि ॲल्युमिनियमपासून बनणारे सुमारे १८० तयार माल २०२८ पासून यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला आहे. यंत्रांचे भाग पाठवणाऱ्यांनी आतापासून आकडे जमवायला लागणं शहाणपणाचं.

इथली सगळ्यात महागडी चूक अशी: बिलावर सवयीने ७३२६ लिहिला जातो, जेव्हा वस्तू खरी ७३२५ ची असते. मग ज्या मालाला सीबॅम लागतच नाही त्यावर ग्राहक कागद मागत बसतो. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट, कारण तिकडचे कस्टम्स कोड बदलतात आणि दंड आयातदाराच्या अंगावर येतो. कोड माल कसा बनला आणि कशासाठी आहे यावरून ठरवा. शिपिंग बिल, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट तिन्हीकडे तोच लिहा.

५० टनांची मर्यादा

पूर्वी १५० युरोंपेक्षा कमी किमतीच्या खेपेला सूट होती. ती गेली. आता एका आयातदाराने एका कॅलेंडर वर्षात लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खत मिळून ५० टनांपर्यंत निव्वळ वजनाचा माल आणला, तर त्याला अर्ज नको, अहवाल नको, प्रमाणपत्रं नकोत. हायड्रोजन आणि विजेला ही सूट नाही. आयोगाच्या हिशेबाने सुमारे ९० टक्के आयातदार यातून सुटतात आणि तरीही ९९ टक्के उत्सर्जन जाळ्यात राहतं.

"एका आयातदाराने" हे शब्द नीट वाचा. मर्यादा तुमच्या मालापुरती नाही. तुमचे १२ टन, तैवानचे ३० टन आणि तुर्कस्तानचे १० टन मिळून ग्राहक ५२ टनांवर गेला, की तुमचे १२ टनही आत. शिवाय मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या २ टनांचा हिशेब होत नाही. त्या वर्षी १ जानेवारीपासून आलेल्या सगळ्या मालाचा होतो. वीस फुटी कंटेनरमध्ये बोल्टचा माल साधारण २२ ते २५ टन बसतो, म्हणजे तिसरा कंटेनर निघाला की गोष्ट संपली.

वजन निव्वळ धरतात. लाकडी पॅलेट, पुठ्ठ्याचे खोके, प्लॅस्टिक यात नाही. पॅकिंग लिस्टवर प्रत्येक कोडसमोर निव्वळ वजन वेगळं दाखवा. एकाच ओळीत "असॉर्टेड फास्टनर्स, २४,६०० किलो ग्रॉस" असं लिहिलं, तर पॅलेटचं वजनही ग्राहकाच्या ५० टनांतून खाल्लं जातं. आणि माल दोन भगिनी कंपन्यांच्या नावावर मुद्दाम वाटून मर्यादेखाली ठेवणं ही नियमात पळवाट म्हणून धरली आहे. तसा सल्ला ग्राहकाला देऊ नका.

अर्ज कोण करू शकतो

संघातल्या एखाद्या देशात स्थापन झालेला आयातदार, ज्याच्याकडे ईओआरआय क्रमांक, म्हणजे युरोपीय कस्टम्समधला नोंदणी क्रमांक, आहे. या दर्जाचं नाव अधिकृत सीबॅम डिक्लेरंट. आयातदार संघाबाहेरचा असेल तर त्याच्या वतीने संघातला इनडायरेक्ट कस्टम्स रिप्रेझेंटेटिव्ह अर्ज करतो आणि जबाबदारीही त्याची होते.

शेवटचं वाक्य डीडीपी अटीवर (ग्राहकाच्या दारापर्यंतचा खर्च आणि आयात शुल्क विक्रेत्याकडे) माल विकणाऱ्या भारतीय निर्यातदारांसाठी फार महत्त्वाचं आहे. डीडीपीमध्ये आयातदार अनेकदा तुम्हीच ठरता. मग तुम्हाला असा प्रतिनिधी शोधावा लागतो, आणि तुमचं कार्बनचं देणं आपल्या डोक्यावर घ्यायचं म्हटल्यावर तो तारण किंवा आगाऊ रक्कम मागणारच. नवीन ऑर्डर घेताना अट बदलून ग्राहकाला आयातदार करता आलं, तर तेच करा.

अर्ज ज्या देशात आयातदार स्थापन आहे तिथल्या यंत्रणेकडे जातो, माल ज्या बंदरात उतरतो तिथे नाही. जर्मनीत ही यंत्रणा डीईएचएसटी, नेदरलँड्समध्ये एनईए. रॉटरडॅमला कंटेनर उतरवून माल श्टुटगार्टला नेणाऱ्या जर्मन कंपनीचा अर्ज जर्मनीतच.

अर्जात काय लागतं

अर्ज ऑनलाइन सीबॅम रजिस्ट्रीमध्येच भरायचा असतो. नाव, पत्ता, संपर्क आणि ईओआरआय तर लागतातच. त्याशिवाय कंपनीचा संघातला मुख्य व्यवसाय, आणि चालू वर्षात व पुढच्या वर्षात किती टन आणि किती किमतीचा माल येईल याचा वस्तूंच्या प्रकारानुसार अंदाज. हा अंदाज ग्राहक तुम्हालाच विचारेल. ऑर्डर बुक पाहून खरा द्या.

करथकबाकी नसल्याचा कर कार्यालयाचा दाखला हवा. जर्मनीत तो फिनान्झआम्ट "बेशाइनिगुंग इन श्टॉयरझाखन" या नावाने देतं. तो मिळायला वेळ जातो, म्हणून अर्जाची सुरुवात इथून करावी. मग प्रतिज्ञापत्र: मागच्या ५ वर्षांत कस्टम्स, कर किंवा शेअर बाजारविषयक नियमांचा गंभीर अथवा वारंवार भंग केलेला नाही आणि आर्थिक गुन्ह्याची गंभीर नोंद नाही. आर्थिक आणि कामकाजाची क्षमता दाखवणारी माहितीही द्यायची असते. यंत्रणेने मागितल्यास जास्तीत जास्त ३ वर्षांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं. दुसऱ्या कोणासाठी अर्ज करत असाल तर त्याचं नाव आणि पत्ता.

ज्या कंपनीला अर्जाच्या वर्षाआधी दोन पूर्ण आर्थिक वर्षं झालेली नाहीत, तिला आर्थिक हमी द्यावी लागते, बहुतेकदा बँक गॅरंटी. युरोपात नव्याने कंपनी काढून मसाल्याबरोबर हार्डवेअरही आणू पाहणाऱ्या आपल्या लोकांनी हे भांडवलात धरून ठेवावं.

निर्णयाला यंत्रणा १२० कॅलेंडर दिवसांपर्यंत घेऊ शकते. ३१ मार्च २०२६ पर्यंत अर्ज केलेल्यांना निर्णय येईपर्यंत आयात सुरू ठेवायची मुभा दिली होती. ती त्या तारखेपुरती होती. त्यानंतर ५० टनांच्या वर जाण्याची शक्यता असेल, तर दर्जा हातात आल्यावरच माल मागवायचा. मंजुरी मिळाली की सीबॅम खाते क्रमांक मिळतो आणि कस्टम्स घोषणेत वाय१२८ या कोडसोबत तो टाकावा लागतो. जहाज सुटण्याआधी ग्राहकाकडून हा क्रमांक लेखी मागा. माल बंदरात अडकला तर डेमरेज, म्हणजे उशिराचं भाडं, रोज चढतं आणि भांडण शेवटी पुरवठादाराशीच होतं.

दर्जा मिळवलेला आयातदार घोषणापत्र भरण्याचं काम ईओआरआय असलेल्या, संघातल्याच दुसऱ्या व्यक्तीला सोपवू शकतो. हे दुरुस्तीने आलं. जबाबदारी मात्र हलत नाही.

तुमच्या कारखान्याची नोंदणी

रजिस्ट्रीत संघाबाहेरच्या कारखान्यांसाठी वेगळा विभाग आहे. नोंदणी ऐच्छिक आहे आणि ५ वर्षं चालते. फायदा सरळ: उत्सर्जनाचा पडताळलेला अहवाल एकदाच चढवायचा आणि ग्राहकांचे ईओआरआय टाकून तो त्यांना खुला करायचा. प्रत्येकाला वेगळं एक्सेल पाठवायची गरज नाही, आणि वीज-कोळशाचे आतले आकडे सगळ्यांच्या हाती पडत नाहीत.

यात कारखान्याचे अक्षांश-रेखांश ६ दशांशांपर्यंत मागतात. लोक १६.७५, ७४.२७ असं लिहून मोकळे होतात. दोन दशांशांवर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे सरकते आणि एमआयडीसीत तेवढ्यात पन्नास शेड येतात. फोनवर नकाशा उघडून भट्टीच्या शेडवर बोट दाबून ठेवा, पूर्ण आकडा तिथेच दिसतो. दोन प्लॉटवर दोन भट्ट्या असतील तर दोन नोंदी करा.

अहवालाचा काळ जानेवारी ते डिसेंबर आहे. आपली वह्या-पुस्तकं एप्रिल ते मार्चची. इंधनाचा साठा ३१ डिसेंबरला मोजून सही करून ठेवला नाही, तर पडताळणी करणारा पहिल्याच दिवशी तिथे बोट ठेवतो. पडताळणी सीबॅमसाठी मान्यता मिळालेल्या संस्थेकडूनच हवी; कार्बन फूटप्रिंटचं दुसरं कुठलंही प्रमाणपत्र चालत नाही. पहिल्या वर्षी तिला प्रत्यक्ष कारखान्यात यावं लागतं.

पोलाद आणि ॲल्युमिनियमसाठी सध्या थेट उत्सर्जनच मोजतात, विकत घेतलेल्या विजेचं नाही. बोल्ट बनवणाऱ्याकडे मोठा भार विकत आणलेल्या वायर रॉडमधून येतो. भंगार वितळवून केलेल्या रॉडचा आकडा कमी, कोळशावरच्या स्पंज आयर्नचा बराच जास्त. म्हणून मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटबरोबर हीट नंबरनुसार (भट्टीतल्या प्रत्येक घाणीचा क्रमांक) उत्सर्जनाचा आकडाही मागण्याची सवय लावा. तो नसेल तर भारतासाठी ठरवलेलं डिफॉल्ट मूल्य लागतं आणि त्यावर २०२६ साठी १० टक्के, २०२७ साठी २० टक्के, २०२८ पासून ३० टक्के वाढ.

"फक्त अडीच टक्के" हा गैरसमज

२०२६ साठी अडीच टक्केच भरायचं आहे, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धवट आहे. युरोपातल्या कारखान्यांना ठरावीक बेंचमार्कपर्यंत (टनामागे उत्सर्जनाची ठरवलेली पातळी) उत्सर्जनाचे मोफत परवाने मिळतात. तेवढी वजावट आयातीलाही मिळते. २०२६ मध्ये बेंचमार्कचा ९७.५ टक्के भाग वजा होतो. बेंचमार्कच्या वरचं सगळं उत्सर्जन पूर्ण भरावं लागतं.

समजा, ३०० टन माल, टनामागे उत्सर्जन २ टन आणि बेंचमार्क १.४. वजावट १.४ च्या ९७.५ टक्के, म्हणजे १.३६५. उरले ०.६३५. ३०० टनांना १९०.५ प्रमाणपत्रं. "अडीच टक्के" धरून हिशेब केला असता तर १५ आली असती. प्रमाणपत्र ७५ युरोंना धरलं तर फरक तेरा हजार युरोंच्या वर जातो. बेंचमार्क आणि किंमत इथे उदाहरणापुरती घेतली आहे. आपल्या कोडची खरी घाला आणि दर सांगण्याआधी हा हिशेब करा. वजावट दरवर्षी घटते: २०३० मध्ये ५१.५ टक्के, २०३४ मध्ये शून्य.

२०२६ च्या आयातीची प्रमाणपत्रं १ फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळतील. त्या वर्षाचं घोषणापत्र आणि प्रमाणपत्रं ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत जमा करायची. २०२७ पासून प्रत्येक तिमाहीच्या शेवटी त्या वर्षी आलेल्या मालाच्या निम्म्या उत्सर्जनाइतकी प्रमाणपत्रं खात्यात हवीत. आधी हे ८० टक्के होतं. एक प्रमाणपत्र कमी पडलं तर १०० युरो दंड, आणि तो भरूनही प्रमाणपत्र द्यावंच लागतं. दर्जा न घेता मर्यादेपलीकडे माल आणला तर दंड याच्या तिप्पट ते पाचपट.

करारात म्हणून एक कलम आत्ताच लिहून घ्या: पडताळलेला अहवाल कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आणि तो न दिल्यास डिफॉल्टमुळे वाढलेलं बिल कोणाचं. ग्राहक हे कलम स्वतःच्या बाजूने लिहून पाठवतात आणि ते न वाचता सही होते. अहवालासाठी किमान मे अखेरपर्यंतचा वेळ मागा, कारण डिसेंबरला वर्ष संपल्यावर आकडे जुळवायला आणि पडताळणीसाठी कारखान्याची भेट उरकायला तेवढे महिने लागतात.