विक्रेत्याने न भरलेला कर खरेदीदाराच्या दारात कसा आला

दर महिन्याच्या १४ तारखेला वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून खरेदीदारासाठी जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होते आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरून कर जमा करायचा असतो. मधल्या सहा दिवसांत दुकानांतून, छोट्या कारखान्यांच्या कचेऱ्यांतून आणि करसल्लागारांकडे मुख्यतः एकच काम चालते, ते म्हणजे खरेदीची बिले २बीशी जुळवण्याचे. हा ताप संगणकाने आणला, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात संगणकाने फक्त वेग आणला. विक्रेत्याच्या कसुरीची किंमत खरेदीदाराने मोजावी, हे तत्त्व महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराच्या बारा वर्षे आधी कायद्यात आलेले होते.

व्यापाऱ्याची करसवलत दुसऱ्याच्या कागदावर अवलंबून असणे त्याहूनही जुने आहे. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यानुसार परराज्यातील नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल विकताना कमी दराने कर लावता येई. मात्र त्यासाठी त्या खरेदीदाराकडून सी-फॉर्म मिळवावा लागे. फॉर्म आला नाही, तर फरकाचा कर विक्रेत्याच्या अंगावर पडे. तेथे विक्रेता खरेदीदारावर अवलंबून होता. हे अवलंबित्व उलट दिशेने आले ते मूल्यवर्धित कराबरोबर.

१ एप्रिल २००५ रोजी बहुसंख्य राज्यांबरोबर महाराष्ट्रातही मूल्यवर्धित कर लागू झाला आणि १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा मागे पडला. करावर कर चढू नये, हा नव्या पद्धतीचा हेतू होता आणि तो रास्तच होता. प्रत्येक टप्प्यावर विक्रीवर कर आकारायचा आणि खरेदीवर दिलेल्या कराची वजावट घ्यायची, ही तिची रचना होती. या वजावटीला आपल्याकडे सगळे ‘सेट-ऑफ’च म्हणत. महाराष्ट्राच्या कायद्यातील कलम ४८(५) ने मात्र तिला एक मर्यादा घातली : त्या मालावर जेवढा कर सरकारी कोषागारात प्रत्यक्ष जमा झाला असेल, त्याहून अधिक वजावट मिळणार नाही. खरेदीदाराने बिलाप्रमाणे पूर्ण कर दिला, पण विक्रेत्याने तो भरलाच नाही, तर खरेदीदाराचा हक्क संपतो, असा याचा अर्थ होता.

सुरुवातीची काही वर्षे या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. लेखापरीक्षणाच्या ७०४ नमुन्यातील जे-१ आणि जे-२ या परिशिष्टांत विक्री आणि खरेदीची व्यापारीनिहाय माहिती, समोरच्याच्या ‘२७’ने सुरू होणाऱ्या टिन (करदाता ओळख) क्रमांकासह, भरली जाऊ लागली, तेव्हा खात्याला एकाची खरेदी दुसऱ्याच्या विक्रीशी ताडून पाहता येऊ लागले. माल न देता केवळ बिले विकणारे व्यापारी यातून उघडे पडले आणि विक्रीकर खात्याने ‘हवाला व्यापारी’ म्हणून त्यांच्या याद्या आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केल्या. त्यांच्याकडची बिले ज्यांच्या वहीत होती, त्या सर्वांना नोटिसा गेल्या. यांत जाणूनबुजून खोटी बिले घेणारे होते, तसे खरोखर माल घेऊन धनादेशाने पैसे चुकते केलेलेही होते, आणि कलम ४८(५) च्या शब्दांत या दोघांत भेद नव्हता. पुढे आयकर खात्यानेही याच माहितीवरून जुन्या वर्षांची प्रकरणे उघडली. माल पुढे विकला गेल्याचे दिसत असेल, तर संपूर्ण खरेदी नाकारण्याऐवजी तिच्यातील नफ्याचा अंश, अनेक प्रकरणांत १२.५ टक्के, उत्पन्नात मिळवला जाऊ लागला. एका बिलाने दोन खात्यांत उत्तरे देण्याची पाळी आणली.

कलमाच्या वैधतेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला तो कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीजच्या याचिकेने. मे २०१२ च्या निकालात न्यायालयाने कलम वैध ठरवले. वजावट ही कायद्याने दिलेली सवलत आहे आणि तिला अटी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, ही त्यामागची भूमिका होती. कसूर करणाऱ्या विक्रेत्यांवर कारवाई करू आणि त्यांच्याकडून वसुली झाल्यावर खरेदीदाराला परतावा देऊ, असे शासनाने सांगितले होते आणि न्यायालयाने त्याची नोंद घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तेथील तशाच तरतुदीबाबत वेगळी वाट धरली आणि प्रामाणिक खरेदीदाराला ती लावता येणार नाही, असे म्हटले. मला दिल्लीची भूमिका अधिक न्याय्य वाटते. नोंदणी देणे, विवरणपत्रे तपासणे, बँक खाते गोठवणे हे सारे अधिकार शासनाकडे आहेत. इचलकरंजीच्या एखाद्या यंत्रमागधारकाला मात्र सूत विकणाऱ्याकडे बिल मागण्यापलीकडे कोणताही अधिकार नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा कलम १६(२)(क) मध्ये हीच अट देशभर लागू झाली. मूळ आराखड्यात विक्रेत्याने आपल्या विक्रीचा जीएसटीआर-१ भरावा, खरेदीदाराने जीएसटीआर-२ मध्ये त्याची पडताळणी करावी आणि त्यानंतर जीएसटीआर-३ निघावा, अशी सोय होती. म्हणजे खरेदीदाराला आक्षेप नोंदवण्याची जागा होती. यंत्रणेला तो भार पेलला नाही. दुसरे आणि तिसरे विवरणपत्र पहिल्याच वर्षी स्थगित झाले आणि तात्पुरता म्हणून आलेला ३बी कायमचा झाला. दोन वर्षे व्यापारी स्वतःच्या वहीवरून वजावट घेत राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम ३६(४) आला. विक्रेत्याने दाखवलेल्या रकमेहून २० टक्क्यांपर्यंतच जास्त वजावट घेता येईल, असे ठरले. मग ती सूट १० टक्क्यांवर, नंतर ५ टक्क्यांवर आली आणि १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण संपली. २बीमध्ये बिल नसेल, तर वजावट नाही.

याचा फटका लहान व्यवसायाला अधिक का बसतो, हे एका हिशेबावरून कळेल. १ लाख रुपयांचा माल १८ हजार रुपये कर देऊन घेतला आणि १ लाख ५ हजारांना विकला, तर विक्रीवरचा कर १८,९०० रुपये होतो आणि वजावटीनंतर ९०० रुपये भरायचे राहतात. वजावट नाकारली गेली, तर पूर्ण १८,९०० भरावे लागतात. ५ हजारांचा नफा जाऊन वर १३ हजारांचा तोटा होतो, व्याज आणि दंड वेगळेच. विक्रेता तिमाही विवरणपत्र भरणारा असेल आणि त्याने मधल्या महिन्यांची बिले आधी अपलोड केली नाहीत, तर काहीही बुडाले नसतानाही खेळते भांडवल तीन महिन्यांपर्यंत अडकते. म्हणूनच आज करनियोजनाची सुरुवात कोणाकडून आणि कोणत्या अटीवर माल घ्यायचा, येथून होते. विक्रेत्याचे बिल २बीमध्ये दिसेपर्यंत कराची रक्कम रोखून धरण्याची प्रथा त्यातूनच पडली आहे, मात्र १८० दिवसांत पैसे चुकते न केल्यास घेतलेली वजावट परत करावी लागते, हेही सांभाळावे लागते.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या नियम ३७अ ने थोडी सुव्यवस्था आणली. विक्रेत्याने आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत ३बी भरला नाही, तर खरेदीदाराने ३० नोव्हेंबरपर्यंत वजावट परत करायची. विक्रेत्याने पुढे विवरणपत्र भरले, तर ती पुन्हा घेता येते. ऑक्टोबर २०२४ पासून संकेतस्थळावर बिल स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय झाली आहे. स्थगित झालेल्या जीएसटीआर-२ मधला पडताळणीचा हक्क तिच्या रूपाने अंशतः परत आला आहे. कलम १६(२)(क) मात्र अद्याप तसेच आहे.