विकिपीडियावर आपल्या माणसाचं पान दुरुस्त करताना: दाखले, कात्रणं आणि सात दिवसांची नोटीस

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातला कोणी माहितीपट करणारा, सिनेमावर वर्षानुवर्षं पेपरात लिहिणारा माणूस असतो, त्याचं विकिपीडियावर पान असतं आणि त्यात निम्मं काम आलेलंच नसतं. मग पुतण्या नाहीतर एखादा विद्यार्थी रात्री बसून सगळं भरतो आणि सकाळी बघतो तर बदल कोणीतरी उलटवलेले, म्हणजे पान परत आधीसारखं. लोक म्हणतात मुद्दाम करतात. बहुतेक वेळा तसं नसतं, संदर्भ नसतो म्हणून जातं. हे इतक्यांच्या बाबतीत होताना बघितलंय म्हणून नीट लिहितोय.

पात्रता सोपी आहे. कोणीही बदल करू शकतो, फी नाही, ओळखपत्र नाही. खातं उघडा, एका माणसाचं एक खातं, संस्थेच्या किंवा फिल्म कंपनीच्या नावाने नको. मोबाईल नेटवरून 'तुमचा आयपी (म्हणजे नेटवरचा पत्ता) प्रतिबंधित आहे' असं आलं तर घाबरू नका, एकाच नेटवरचे हजारो लोक त्या आयपीत येतात, कोणीतरी उपद्व्याप केलेला असतो, तुम्ही दुसऱ्या नेटवरून खातं उघडून बघा. मराठी विकिपीडिया (१ मे २००३ पासून आहे) आणि इंग्रजी विकिपीडिया वेगळे, एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात आपोआप जात नाही. इंग्रजीत थेट नवीन पान करायला खातं ४ दिवस जुनं आणि १० संपादनं झालेली, दोन्ही लागतात. लोक चौथ्या दिवशी येऊन बसतात आणि संपादन एकही केलेलं नसतं.

आता कागदपत्रं, सगळे अडकतात ते इथेच. आपल्याला सवय काय, तर कुठलंही काम म्हणजे दाखला. म्हणून लोक शाळा सोडल्याचा दाखला, आधार, सरपंचांचं पत्र, मानपत्राचा फोटो असं सगळं घेऊन येतात. यातलं काहीच चालत नाही. विकिपीडियाला छापून आलेलं लागतं, तेही त्या माणसाशी संबंध नसलेल्या कोणीतरी लिहिलेलं. हयात माणसाबद्दल तर नियम आणखी कडक, जन्मदाखल्यासारखा सरकारी कागद पुरावा म्हणून वापरू नका असंच सांगितलेलं आहे, आणि पूर्ण जन्मतारीख त्यांनी स्वतः जाहीर केली नसेल किंवा बऱ्याच ठिकाणी छापून आली नसेल तर फक्त साल लिहायचं. कृपा करून कोणाचं आधार कार्ड तिथे अपलोड करू नका, पान काढलं तरी कोणी ना कोणी ते उतरवून घेतलेलं असू शकतं.

जन्मस्थानाचं एक आपल्याकडचंच दुखणं आहे. माणूस जन्मला गिरगावात, मूळ गाव मालवण, आणि घरचे दर गणपतीत येऊन 'जन्मस्थान मालवण' करून जातात. माहितीचौकटीत (पानाच्या बाजूला थोडक्यात माहिती असते तो चौकोन) जन्मस्थान म्हणजे जिथे जन्म झाला तेच. मूळ गावाचं वाक्य मजकुरात वेगळं लिहा, त्याला संदर्भ द्या, ते टिकतं. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर गावाबद्दल लिहिलेलं असेल तर अशा साध्या, वाद नसलेल्या गोष्टीपुरती तीही चालते.

पेपरची कात्रणं घरोघरी असतात, वहीत चिकटवलेली, अगदी जपून. पण कापताना तारीख गेलेली असते. पेपरचं नाव नाही, पान नंबर नाही, मग त्या कात्रणाचा संदर्भ देता येत नाही आणि खूप वाईट वाटतं कारण मजकूर अगदी हवा तोच असतो. अशा वेळी कात्रण उलटं करून बघा, मागच्या बाजूला एखादी जाहिरात, निवडणुकीची बातमी, क्रिकेटचा स्कोअर असतो, त्यावरून महिना-वर्ष सापडतं. मग वाचनालय गाठा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, तालुक्यांतही जुनी वाचनालयं आहेत, पण जायच्या आधी फोन करून कुठल्या पेपरच्या कुठल्या वर्षाच्या फायली ठेवल्यात ते विचारा, सगळीकडे सगळं ठेवत नाहीत आणि आपल्या दमट हवेत कागद टिकतही नाही. सापडलं की पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान, मथळा, लेखकाचं नाव लिहून घ्या. आवृत्ती विसरू नका, सिंधुदुर्ग आवृत्तीतलं पान ४ आणि मुंबईतलं पान ४ वेगळं असतं.

आणि ऑनलाइन लिंक नसली तरी संदर्भ चालतो! लिंक नाही म्हणून लोक कात्रणाचा फोटोच अपलोड करतात, तो प्रताधिकार भंग म्हणून काढला जातो, वर खात्यावर ताकीद येते. फोटो नको, तपशील लिहा. दिवाळी अंकातला लेख असेल तर अंकाचं नाव, वर्ष, पान.

समीक्षकाच्या बाबतीत अजून एक गल्लत होते. त्यांनी स्वतः लिहिलेले दोनशे लेख म्हणजे त्यांच्याबद्दलचा पुरावा नाही. त्यांच्या पुस्तकाचं दुसऱ्या कोणी केलेलं परीक्षण, त्यांच्या फिल्मवर दुसऱ्याने लिहिलेलं, हे हवं. मुलाखतीत बोलतात ते स्वतःच, त्यामुळे तिचं वजन कमी. सत्कार समितीने काढलेला गौरवग्रंथ कितीही चांगला असला तरी तो स्वतंत्र धरत नाहीत. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवर कोणीही माहिती भरू शकतो म्हणून तीही नाही. महोत्सवात फिल्म दाखवली एवढ्यावर भागत नाही, पुरस्कार मिळाला असेल तर तो चालतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत समीक्षकासाठी आणि सिनेमावरच्या पुस्तकासाठी वेगळे पुरस्कार आहेत, त्या वर्षाची अधिकृत पुस्तिका हा पक्का संदर्भ.

भाषेत 'हे', 'यांनी' असा आदरार्थी चालतो. 'अष्टपैलू', 'सिद्धहस्त', 'कोकणचे भूषण' नको, 'सर' पण नको.

फोटोवर बहुतेक वेळा काढणाऱ्याचा हक्क असतो, फोटोत आहे एवढ्यावरून तो त्या माणसाचा होत नाही. स्टुडिओतला, पेपरातला, फेसबुकवरचा उचलू नका. घरातल्या कोणी काढला असेल तर त्यानेच स्वतःच्या खात्यावरून कॉमन्सवर (विकिपीडियाचे फोटो ठेवतात ती वेबसाइट) टाकावा, सगळ्यात कमी कटकट.

तुम्ही नातेवाईक, विद्यार्थी किंवा त्यांच्याकडे नोकरीला असाल तर पानात थेट हात घालू नका. त्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर नातं सांगा आणि लिहा की अमुक वाक्याच्या जागी अमुक करा, संदर्भ हा. मराठीत कोणी लक्ष दिलं नाही तर चावडीवर (सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) नम्रपणे आठवण करा, काम करणारे लोक थोडे आहेत. बदनामीकारक, संदर्भ नसलेलं काही असेल तर मात्र थांबायची गरज नाही, ते लगेच काढा आणि बदल जतन करताना सारांशाच्या रकान्यात कारण लिहा. उलटवाउलटवीत पडू नका, इंग्रजीत २४ तासांत एका पानावर ३ पेक्षा जास्त वेळा उलटवलंत तर खातं बंद होऊ शकतं, भले तुमचं बरोबर असो.

नोटिसा नीट वाचा (हे सगळं इंग्रजीतलं). हयात माणसाच्या पानाला एकही संदर्भ नाही म्हणून ७ दिवसांची नोटीस लागली तर विश्वासार्ह संदर्भ टाकेपर्यंत ती पट्टी काढता येत नाही. वगळण्याच्या चर्चेची पट्टीही काढायची नाही, चर्चेत जाऊन संदर्भ दाखवायचे. काही पानं मात्र जाहिरात किंवा उचललेला मजकूर म्हणून लगेच जातात, तिथे ७ दिवस मिळत नाहीत. मसुदा, म्हणजे तपासणीसाठी पाठवायचं कच्चं पान, ६ महिने हात लावला नाही तर वगळलं जाऊ शकतं, आणि ते ६ महिने शेवटच्या संपादनापासून मोजतात, सबमिट केल्यापासून नाही. आणि 'डिक्लाइन' म्हणजे सुधारून परत पाठवा, 'रिजेक्ट' म्हणजे आता थांबा, हे दोन वेगळे आहेत, बरेच जण डिक्लाइन बघूनच सोडून देतात.

पैसे घेऊन पान करून देतो, मी प्रचालक (विकिपीडियावर पानं वगळायचे वगैरे अधिकार असलेला) आहे, असा फोन आला तर देऊ नका. विकिपीडिया पानासाठी एक रुपया घेत नाही, पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते कोणासाठी लिहितोय हे जाहीर करणं सक्तीचं आहे, आणि लपवलं की पान तुमच्या माणसाचं जातं, पैसे घेणारा मग फोन उचलत नाही.