मागच्या बाकावरून दिसणारा चुंबक

1820 साली डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडने तारेतून वीज सोडली आणि शेजारची चुंबकसुई हलली. शोध मोठा, हालचाल मात्र इवलीशी. भरल्या वर्गात मागच्या बाकावरून ती दिसणार कशी? परिणाम वाढवायचा तर बॅटरी मोठी हवी, आणि मोठी बॅटरी म्हणजे भरपूर जस्त, तांबे, आम्ल आणि खर्च.

ही अडचण विल्यम स्टर्जनची रोजची होती. जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा तोफखान्यात साधा सैनिक होता आणि विज्ञान स्वतःच शिकला होता. लंडनजवळ अ‍ॅडिस्कोंबला ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी शाळा होती. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांत जाणारे तोफखान्याचे अधिकारी तिथे घडत. त्यांना तो विज्ञान शिकवी.

त्याने लोखंडी सळई नालासारखी वाकवली, तिला व्हार्निश दिले आणि वर तांब्याच्या उघड्या तारेचे 18 वेढे घेतले. वेढे एकमेकांना टेकले तर वीज वेढ्यांतून न फिरता थेट पुढे जाते, म्हणून ते लांब लांब ठेवले. 1825 मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे जेमतेम 200 ग्रॅमच्या या नालाने एका लहान बॅटरीवर सुमारे 4 किलो वजन उचलले. वीज वाहते तोवरच चुंबक राहणारा हा विद्युतचुंबक; वीज तोडली की वजन खाली! हे दाखवायला डोळ्यांना ताण देण्याची गरज नव्हती.

पुढचे पाऊलही एका शिक्षकानेच टाकले. अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या शाळेत शिकवणाऱ्या जोसेफ हेन्रीने लोखंडाऐवजी तारेलाच रेशमाचे वेष्टन दिले. आता वेढे खेटून, थरावर थर देता येऊ लागले. प्रत्येक वेढा आपला वाटा घालतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत जोर कितीतरी वाढतो. 1831 साली येल कॉलेजसाठी त्याने केलेल्या 27 किलोच्या चुंबकाने 900 किलोंहून अधिक भार पेलला. मला यातली रेशमाची युक्ती सर्वांत मोलाची वाटते. आज आपण वापरतो ती एनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप दिलेली तार तिचीच वारस.

शाळेत खिळ्यावर तार गुंडाळून हा प्रयोग करताना तारेची दोन्ही टोके घासून एनॅमल काढा, नाहीतर सेलमधून वीज वाहणारच नाही. जोडणी काही सेकंदच ठेवा, तार तापते. सेल काढल्यावरही एखादी टाचणी चिकटून राहिली, तर प्रयोग फसला असे मुलांना सांगू नका. खिळ्याचे पोलाद थोडे चुंबकत्व धरून ठेवते. तोच खिळा मोठ्यांनी लालबुंद तापवून सावकाश गार होऊ द्यावा आणि सेल काढल्यावर चिकटून राहणाऱ्या टाचण्या पुन्हा मोजाव्यात; त्या कमी झाल्या का ते पाहावे.